दुसऱ्या देशात लोकशाही नेणाऱ्यांच्या घरात कामगाराचं किती चालतं?

राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलाने विचारलं आहे: "अमेरिकेसारखे देश बाहेर लोकशाही रुजवायला पैसा आणि माणसं पाठवतात. त्या देशांची स्वतःची लोकशाही आणि तिथली वर्गव्यवस्था यांचा या कामाशी काही संबंध असतो का? की हे सगळं ढोंग म्हणून सोडून द्यायचं? आणि आता अमेरिकेने हा पैसा थांबवला, ते बरं झालं की वाईट?"

माझं मत आधी सांगते. कुठलाही देश बाहेर नेतो ती त्याच्या घरातलीच लोकशाही असते, आणि तीही पुरती नसते. घरात ज्या वर्गाच्या हाती सत्तेच्या नाड्या आहेत त्याला जेवढी सोसते, तेवढीच बाहेर जाते. घरात कामगार संघटित असेल तर बाहेर जाणाऱ्या मदतीत कामगार संघटनेला जागा असते. तो विस्कटला की त्या मदतीत निवडणुका, कार्यशाळा आणि बाजारपेठ एवढंच राहतं. ढोंग म्हणून सोडून देऊ नकोस, कारण त्या पैशाने खरी माणसं तुरुंगातून सुटलेली आहेत आणि त्याच पैशाने खरी सरकारं पाडलेलीही आहेत. कधी काय होतं, हे समजून घ्यायला हवं.

मी पंचवीसहून जास्त वर्षं कामगार शिक्षणाचं काम करते. संघटनेचे हिशेब कसे ठेवायचे, वाटाघाटीला बसताना काय कागद लागतात, कार्यकारिणीची निवडणूक गुप्त मतदानाने कशी घ्यायची, हे शिकवायला दक्षिण आशियात बरीच फिरले. मधल्या काळात आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षक पथकांतही गेले. तिथलीच एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

१० एप्रिल २००८. नेपाळमध्ये संविधान सभेची निवडणूक होती. माझी नेमणूक पश्चिम तराईत, थारू वस्तीजवळच्या एका शाळेतल्या मतदान केंद्रावर. सकाळी सात वाजताच रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेलेली. माझ्या हातात निरीक्षकाचा छापील तक्ता होता. केंद्र वेळेवर उघडलं का? पेटी रिकामी दाखवून सील लावलं का? अंगठ्याला शाई लावतात का? मत देण्याच्या जागी आडोसा आहे का? स्वस्तिकाचा शिक्का आहे का? (तिथे मतपत्रिकेवर स्वस्तिकाचाच शिक्का मारतात.) मी एकामागून एक 'होय' लिहीत गेले. केंद्र खरोखर चोख होतं.

दुपारी उन्हाच्या काहिलीत एक पन्नाशीची बाई मत देऊन बाहेर आली आणि आंब्याच्या सावलीत माझ्याशेजारी टेकली. ती मुक्त कमैया. म्हणजे जमीनदाराकडे पिढीजात कर्जापोटी राबणाऱ्या कुटुंबातली. १७ जुलै २००० रोजी नेपाळ सरकारने कमैयांची कर्जं रद्द करून त्यांना मुक्त जाहीर केलं होतं. मी दुभाष्याकरवी विचारलं, "मत द्यायला कुणी अडवलं नाही ना?" ती म्हणाली, "नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "मत माझं आहे. झोपडी ज्या जमिनीवर आहे ती दुसऱ्याची आहे. आठ वर्षं झाली, जमीन देतो म्हणतात." मी तक्ता खालपासून वरपर्यंत पाहिला. हे लिहायला त्यात रकाना नव्हता. शेवटी पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं.

त्या निवडणुकीत ५७५ निवडून द्यायच्या जागांपैकी २२० माओवाद्यांना मिळाल्या आणि काठमांडूतले जाणकार चकित झाले. आंब्याखाली बसलेल्या कुणालाही त्यात नवल वाटलं नसतं. तो तक्ता ज्यांनी तयार केला ते प्रामाणिक लोक होते, त्यांच्यातल्या काहींना मी ओळखते. पण ज्या देशांत तो तयार झाला, तिथे जमीन, मजुरी आणि घर हे विषय 'लोकशाही' या शीर्षकाखाली येईनासे होऊन बराच काळ लोटला होता. घरात जे विचारत नाहीत ते बाहेर कसं विचारणार?

असं पूर्वीपासून नव्हतं. इंग्लंडमध्ये १८३८ साली चार्टिस्ट कामगारांनी सहा मागण्या केल्या, त्यांत सर्व प्रौढ पुरुषांना मत आणि गुप्त मतदान या दोन होत्या. तिथे गुप्त मतदान आलं १८७२ मध्ये. आडोशाला जाऊन मत देणं ही सोय मुळात मालकाच्या आणि जमीनदाराच्या धाकात असलेल्या माणसासाठी मागितलेली आहे. आज आपण ती नुसती कार्यपद्धतीची बाब म्हणून तपासतो आणि ती कुणाच्या भीतीपोटी आली ते विसरतो. त्याच इंग्लंडने आपल्याकडे कायदेमंडळं आणली तेव्हा मताचा हक्क सारा, कर आणि शिक्षण पाहून दिला. सर्वांना मत हवं ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२८ साली सायमन कमिशनपुढे करावी लागली.

आता अमेरिकेकडे येते, कारण प्रश्नाचा रोख तिकडे आहे. तीन तारखा लक्षात ठेव. त्या सहा महिन्यांच्या आतल्या आहेत.

३ ऑगस्ट १९८१. अमेरिकेतल्या सुमारे १३,००० हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला. ते केंद्र सरकारचे नोकर, त्यामुळे संप बेकायदा. त्यांच्या 'पॅटको' संघटनेने आदल्या वर्षीच्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांना पाठिंबा दिला होता. रेगन स्वतः एकेकाळी नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ती संपल्यावर ११,३४५ जणांना काढून टाकलं. त्या कामावर परत घ्यायलाही बंदी घातली. खासगी मालकांनी यातून जो धडा घ्यायचा तो घेतला आणि पुढच्या काही वर्षांत संपकऱ्यांच्या जागी कायमची नवी माणसं घेणं तिथे सर्रास होऊ लागलं.

१३ डिसेंबर १९८१. पोलंडमध्ये जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला. 'सॉलिडॅरिटी' ही ग्दान्स्कच्या गोदीतून उभी राहिलेली संघटना तोवर सुमारे १ कोटी सभासदांपर्यंत पोचली होती. तिचे पुढारी रातोरात स्थानबद्ध झाले. नाताळच्या दोन दिवस आधी रेगन यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण केलं आणि पोलिश जनतेसाठी आपापल्या खिडकीत मेणबत्ती लावा, असं अमेरिकनांना सांगितलं. त्याआधी, १९८० च्या अमेरिकन कामगार दिनी (तो सप्टेंबरात असतो), प्रचाराच्या सभेत 'सॉलिडॅरिटी'चे नेते लेक वावेन्सा यांच्या सावत्र वडिलांना शेजारी बसवून ते म्हणाले होते की जिथे स्वतंत्र संघटनेला आणि सामुदायिक सौद्याला बंदी आहे तिथे स्वातंत्र्य गेलंच म्हणून समजा.

१८ जानेवारी १९८२. मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले.

तिसरी तारीख माझ्या घरातली आहे. माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. मी अकरा वर्षांची होते. भोंगा वाजायचा थांबला तेव्हा पहाटे चाळीत कुणाला जाग येईना, इतकी त्याची सवय. पाचव्या महिन्यात आई आम्हा भावंडांना घेऊन कोकणात गावी गेली, बाबा मागे राहिले. संप पुकारून मागे घेतला असं कधी झालंच नाही, तो हळूहळू विरत गेला. संपाच्या मागण्यांत पगारवाढ आणि बोनस होताच, पण मोठं दुखणं वेगळं होतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मानली जाई, आणि ती ठरे सभासदांच्या नोंदी तपासून. बाबा लोकसभेला मत देत, विधानसभेला देत, महापालिकेला देत. पण गिरणीत आपल्या वतीने मालकाशी कोण बोलणार, हे गुप्त मतदानाने ठरवण्याचा हक्क त्यांना नव्हता. जिथे दिवसाचे आठ तास जातात तिथे लोकशाही नाही, आणि पाच वर्षांतून एक दिवस आहे, हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं.

या तीन तारखा मी प्रत्येक शिबिरात फळ्यावर लिहिते. तीनही ठिकाणी प्रश्न शेवटी एकच होता, की कामगारांनी निवडलेल्या माणसांशी बोलायचं की नाही. वॉर्सातल्या कामगारासाठी मेणबत्ती लागली, कारण त्याचा मालक सोव्हिएत गोटातलं सरकार होतं.

पण ही गोष्ट इथेच सोडली तर मी तुला अर्धवट सांगितल्यासारखं होईल. पोलंडला खरी मदत अमेरिकन सरकारच्या आधी अमेरिकन कामगारांनी केली. 'एएफएल-सीआयओ' या तिथल्या संघटनांच्या महासंघाने १९८० मध्येच पोलिश कामगारांसाठी निधी उघडला. त्यांचे अध्यक्ष लेन कर्कलंड यांनी छपाईयंत्रं, कागद, शाई पोचती करण्याचा नेट लावला. आणि याच महासंघाने १९ सप्टेंबर १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये रेगन यांच्या धोरणांविरुद्ध अडीच लाखांवर माणसांचा मोर्चा काढला, त्याला नावच 'सॉलिडॅरिटी डे' दिलं. म्हणजे घरात काढून टाकलेल्या नियंत्रकांसाठी आणि ग्दान्स्कच्या गोदी कामगारांसाठी तीच माणसं उभी होती. लोकशाहीचा प्रसार हा शब्द मी मनापासून वापरू शकेन असा प्रसंग हाच.

पुढे काय झालं ते बघ. जून १९८२ मध्ये रेगन यांनी ब्रिटिश पार्लमेंटपुढे लोकशाहीच्या जागतिक मोहिमेची घोषणा केली आणि १९८३ मध्ये बाहेरच्या देशांतल्या लोकशाहीच्या कामाला सरकारी निधीतून पैसा देणारी 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी' ही संस्था स्थापन झाली. तिचे चार हात: दोन्ही मोठ्या पक्षांची एकेक संस्था, व्यापारी मंडळाची एक आणि कामगार महासंघाची एक. सुरुवातीच्या वर्षांत निधीचा सर्वांत मोठा वाटा कामगारांच्या संस्थेकडे जाई, कारण परदेशात कामाची जाळी तिचीच होती. त्याच १९८३ मध्ये अमेरिकेत नोकरदारांपैकी २०.१ टक्के संघटनेचे सभासद होते. २०२३ मध्ये ते १० टक्के उरले. घरातला टक्का निम्मा झाला. चार हातांपैकी तो हात तुटला नाही, पण त्याच्यात पूर्वीचा जोर राहिला नाही. मी ज्या प्रशिक्षणांना गेले त्यांत संघटनेच्या लोकांबरोबर बसण्याऐवजी प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्या शहरी, इंग्रजी येणाऱ्या स्वयंसेवी संस्थांबरोबर बसण्याचे दिवस वाढत गेले. ती मंडळी वाईट नव्हती. पण त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं, आणि त्यांच्या पगाराचा चेक सभासदाच्या वर्गणीतून येत नव्हता.

याच्या उलट उदाहरण जर्मनीचं, आणि ते गोव्याशी जोडलेलं आहे म्हणून मुद्दाम सांगते. अमेरिकेची ही संस्था काही अंशी जर्मन पक्षांच्या प्रतिष्ठानांवरून बेतलेली आहे. सामाजिक लोकशाहीवाद्यांचं प्रतिष्ठान फ्रीडरिश एबर्ट यांच्या नावाचं. एबर्ट हे खोगीर शिवणारे कारागीर, ते पुढे प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९ एप्रिल १९७३ रोजी पोर्तुगालचा समाजवादी पक्ष जर्मनीतल्या बाड म्युन्स्टरआयफेल या गावी, या प्रतिष्ठानाच्या आश्रयाने स्थापन झाला. मारिओ सोआरेस त्याचे नेते. तेव्हा पोर्तुगालमध्ये सालाझारनंतरची तीच हुकूमशाही चालू होती, गोवा १९६१ मध्ये हातून गेल्यावरही तो आपलाच प्रांत आहे असं म्हणणारी. वर्षभराने, २५ एप्रिल १९७४ ला ती सैनिकांच्या बंडाने कोसळली आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात नव्या पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. १९७६ च्या संविधानात तिथे संपाचा हक्क आला. ज्या जर्मनीतून मदत गेली तिथे त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर कामगारांना जवळपास निम्म्या जागा देणारा कायदा झाला होता. जे घरात होतं ते बाहेर गेलं. अर्थात जर्मनांचा हेतू निव्वळ निर्मळ नव्हता, पोर्तुगालमधल्या कम्युनिस्टांना रोखणं हाही त्यात होता. तरी मदतीचा आकार त्यांच्या घरच्या लोकशाहीवरून ठरला.

कामगार संघटना मधे असली की सगळं चांगलंच होतं, असं मात्र समजू नकोस. माझ्याच क्षेत्रातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयाना या वसाहतीतली आहे. छेदी जगन हे उत्तर भारतातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या घरातले, शिकून दंतवैद्य झालेले, तीनदा निवडून आलेले. ते कम्युनिस्ट धार्जिणे म्हणून अमेरिकेला नको होते. १९६३ मध्ये तिथे ८० दिवस सार्वत्रिक संप चालला. संपकऱ्यांना पोसणारा पैसा अमेरिकन कामगार संघटनांमार्फत आला, आणि त्याच्यामागे अमेरिकेची गुप्तचर संस्था होती. १९६४ मध्ये निवडणुकीची पद्धत बदलून जगन यांचे विरोधक फोर्ब्स बर्नम यांची सत्ता आणली गेली. त्यानंतर १९६८ पासून एकामागून एक निवडणुका लुबाडल्या गेल्या. जगन पुन्हा निवडून आले ते १९९२ मध्ये, जिमी कार्टर निरीक्षक म्हणून आलेल्या निवडणुकीत. ऊसतोड्यांच्या एका अख्ख्या पिढीचं मत वाया गेलं.

पोलंडमध्ये जमलं आणि गयानात घात झाला, यातला फरक मी अनेक वर्षं शोधत होते. माझं मत असं झालं आहे: पोलंडमध्ये संघटना आधी होती, एक कोटी सभासदांची, आणि मदत तिच्या मागे गेली. गयानात पैसा आधी होता आणि संघटना त्याच्या मागे गेली. शिवाय १९८० च्या पोलिश निधीची सुरुवात कामगारांच्या खिशातून झाली. गयानातला पैसा कुठून आला, हे अमेरिकेतल्या सामान्य सभासदाला ठाऊक नव्हतं. संघटनेच्या आत लोकशाही नसेल, तर ती बाहेर लोकशाही नेऊ शकत नाही. हे देशालाही लागू आहे आणि युनियनलाही.

१९८९ मध्ये पोलंडसह पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या, आणि त्यानंतर शब्द बदलले. सप्टेंबर १९९३ मध्ये क्लिंटन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अँथनी लेक यांनी नवं धोरण मांडलं, त्यात 'बाजार-लोकशाही' देशांचा परिवार वाढवणं हे उद्दिष्ट होतं. जोडशब्दातला पहिला शब्द हळूहळू दुसऱ्याला खाऊ लागला. पोलंडमध्ये १ जानेवारी १९९० पासून किमती आणि बाजार एकदम मोकळे केले. जवळपास शून्यावर असलेली बेकारी १९९३ पर्यंत १६ टक्क्यांवर गेली. ज्या ग्दान्स्कच्या गोदीने राजवट हलवली ती गोदी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. देश पुढे श्रीमंत झाला, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ज्यांनी लोकशाही आणली त्यांनाच तिचं पहिलं बिल आलं, आणि ते विसरले नाहीत. १९९३ च्या निवडणुकीत त्यांनी जुन्या कम्युनिस्टांच्या वारसदारांना निवडून दिलं.

२००० मध्ये चीनला कायमचे व्यापारी हक्क देताना अमेरिकेत सांगितलं गेलं की व्यापार वाढला की तिथे मोकळेपणा येईल. तो आला नाही. अमेरिकेतल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या मात्र २००० मधल्या सुमारे १ कोटी ७० लाखांवरून २०१० पर्यंत सुमारे १ कोटी १५ लाखांवर आल्या. त्यातल्या काही यंत्रांनी गेल्या, काही मंदीने, काही चिनी आयातीने. ओहायोतल्या किंवा मिशिगनमधल्या ज्या माणसाची नोकरी गेली त्याला टीव्हीवर दिसत होतं, की आपलं सरकार इराकमध्ये लोकशाही उभी करायला अब्जावधी डॉलर ओततं आहे. 'आधी आमचं बघा' ही घोषणा तिथून आली. तिच्यात परक्यांबद्दलचा द्वेष मिसळला गेला, हे वाईट झालं. पण मुळातलं दुखणं खोटं नव्हतं. मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये १,७७९ धोरण-प्रश्नांचा अभ्यास छापला. श्रीमंतांच्या आणि संघटित व्यापारी गटांच्या पसंतीचा धोरणावर ठळक परिणाम दिसतो, सामान्य मतदाराच्या पसंतीचा स्वतंत्र परिणाम जवळजवळ दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप आहेत. पण ज्या घरात असा प्रश्न गांभीर्याने विचारावा लागतो, ते घर बाहेर काय नेणार?

इराकचं एकच उदाहरण देते. सद्दामने १९८७ मध्ये १५० क्रमांकाचा कायदा करून सरकारी क्षेत्रात कामगार संघटनांना बंदी घातली. तेल, वीज, बंदरं सगळी सरकारी, म्हणजे बहुतेक मोठा उद्योग आलाच. २००३ मध्ये अमेरिकन प्रशासनाने सद्दामचे कितीतरी आदेश रद्द केले. सप्टेंबरमध्ये परदेशी भांडवलाला बहुतेक क्षेत्रांत १०० टक्के मालकीची मुभा दिली. हा संघटनाबंदीचा कायदा मात्र तसाच ठेवला. बसऱ्याच्या तेल कामगारांनी बंदी असूनही संघटना बांधली. हुकूमशहाच्या वह्यांतलं कोणतं पान फाडायचं आणि कोणतं ठेवायचं, हे बघितलं की कुठल्या वर्गाची लोकशाही आली ते कळतं.

हा प्रवाह उलटाही वाहतो, आणि ही बाजू मला आशा देते. जगापुढे लोकशाहीचा दाखला द्यायचा म्हटलं की जग घरात डोकावतं. डिसेंबर १९५२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला लेखी सांगितलं, की हा भेदभाव परदेशात आपली बाजू कमकुवत करतो. १७ मे १९५४ ला निकाल वर्णभेदाविरुद्ध लागला. त्याआधी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपली कैफियत संयुक्त राष्ट्रांकडे नेत आहेत हे वाचून बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. भारतातल्या अस्पृश्यांनाही तो मार्ग धरता येईल का, हा विचार त्यामागे होता. घरात दाद मिळेना तेव्हा दोन्हीकडच्या दबलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

पण इथेही वर्गाची रेघ दिसतेच. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चाचं पूर्ण नाव 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्य' यांसाठीचा मोर्चा. त्याचे सूत्रधार ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेतल्या कृष्णवर्णीय हमाल-सेवकांच्या संघटनेचे नेते, आणि मागण्यांत तासाला २ डॉलर किमान वेतन होतं. सरकारच्या माहिती खात्याने त्या मोर्चावर माहितीपट काढून देशोदेशी दाखवला. मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्वातंत्र्याबद्दलचं भाषण जगाच्या कानावर गेलं. किमान वेतनाची मागणी आज किती जणांना माहीत आहे? अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर थांबलेलं आहे.

आपल्या देशाचं काय, असं तू विचारलं नाहीस, पण थोडं बोलते. आपणही हे काम केलं आहे. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडली आणि लगेच १९५३ मध्ये सुदानची पहिली निवडणूक घेऊन दिली. म्हैसूरची शाई आज कितीतरी देशांत मतदारांच्या बोटाला लागते. आपला निवडणूक आयोग परदेशी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देतो. हे चांगलं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण सुदानमध्ये पाच वर्षांत लष्कर आलं, १९५८ मध्ये. निवडणुकीची यंत्रणा चोख असणं पुरत नाही, हे आपल्याला इतक्या लवकर कळायला हवं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी घरच्यांना हेच सांगितलं होतं: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण २६ जानेवारीला पाऊल टाकतो आहोत. त्यांनी संविधान सभेत सांगितलेली ही गोष्ट मला निरीक्षकाच्या तक्त्यात घालावीशी वाटते.

म्हणून नेपाळनंतर मी स्वतःची वही ठेवली. छापील तक्ता भरून झाला की त्या वहीत लिहिते. घराखालची जमीन कुणाची? ओळखपत्र स्वतःकडे असतं की मुकादमाकडे? मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळाली का? विरोधात मत दिलं असं मालकाला वाटलं तर काम जाईल का? कामाच्या ठिकाणी तुमचा प्रतिनिधी तुम्ही निवडता का, आणि कसा? या प्रश्नांना नकारार्थी उत्तरं आली की मला त्या देशाची पुढची दहा वर्षं साधारण कळतात. ट्युनिशियात २०१३ मध्ये सगळं कोसळायच्या बेतात असताना पक्षांना एका टेबलावर बसवणाऱ्या चार संस्थांमध्ये तिथली कामगार संघटना होती, १९४६ पासूनची, फ्रेंचांशी लढलेली. त्या चौघांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं. २०२१ नंतर तिथे पुन्हा एकाच माणसाची सत्ता आली आहे, तेव्हा संघटना असली की लोकशाही वाचतेच असं मी म्हणत नाही. मात्र ती नसती तर २०१३ मध्येच खेळ आटोपला असता.

आता शेवटचा प्रश्न, पैसा थांबला ते बरं की वाईट. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदतीची यंत्रणा, 'युसेड', जवळपास मोडीत काढली. १ जुलैपासून ती स्वतंत्र संस्था म्हणून उरली नाही. माझ्या ओळखीच्या काही जणांना यात समाधान वाटलं. मला वाटलं नाही. आलिशान हॉटेलातल्या परिषदा बंद झाल्याचं दुःख नाही, पण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तुटलं ते खालच्या टोकाचं काम. तिथे पर्यायी पैसा नसतो.

बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळून १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, वरच्या शिवणकारखान्यांतल्या बायकांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. 'आम्ही आत जाणार नाही' असं एकत्र म्हणायला त्या कारखान्यांत संघटना नव्हती. त्यानंतर ढाक्याजवळ मी ज्या बायकांना शिकवलं, त्यांच्यातली एक संघटना नोंदवायचा अर्ज केला म्हणून दुसऱ्या एका कारखान्यातून निघाली. तिचा दावा कामगार न्यायालयात आहे. वकिलाची फी परदेशी मदतीतून जायची, ती २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली. तिला फोन केला तेव्हा मी जरा घाबरतच विचारलं, आता काय करणार. ती म्हणाली, मशीनच्या आमच्या ओळीतल्या बायकांनी दर महिन्याला वीस-वीस टका काढायचं ठरवलं आहे, पावतीपुस्तकही छापून घेतलं. तुम्ही शिकवलं होतं ना, पावतीशिवाय पैसा घ्यायचा नाही. पुढची तारीख मार्चमधली आहे.